कागद पाहून ठिपका

छपाईच्या यंत्राला फिकट रंग छापता येत नाही. शाई कागदावर लागते किंवा लागत नाही, मधलं काही त्याच्या हातात नसतं. तरीही छापील चित्रात आपल्याला पहाटेचं आभाळ दिसतं, म्हाताऱ्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या दिसतात, आंब्याच्या देठाकडचा हिरवा रंग हळूहळू केशरी होताना दिसतो. हे सगळं ठिपक्यांच्या जोरावर चालतं. ठिपके मोठे झाले, एकमेकांना भिडले, की तो भाग गडद दिसतो. ठिपके बारीक झाले आणि मधून कागदाचा पांढरेपणा डोकावला, की फिकट. हातभर अंतरावरून वाचणाऱ्याला सुटा ठिपका दिसत नाही, शाई आणि कागद यांची सरासरी दिसते. या तंत्राला हाफटोन म्हणतात. आमच्या धंद्यात नुसतं ‘स्क्रीन’.

मी रत्नागिरीत याच कामात आयुष्य घालवलं. फिल्मवर केलं, प्लेटवर केलं, आता संगणकावर करतो. यंत्रं किती बदलली याला गणती नाही, पण एक मत बदललं नाही, उलट वर्षागणिक पक्कं होत गेलं. छापील चित्र चांगलं येणं हे यंत्राच्या किमतीपेक्षा ठिपका कागदाला साजेसा बसवण्यावर जास्त अवलंबून असतं. कागद पाहून ठिपका ठरवायचा, ठिपका ठरवून कागद शोधायचा नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी मुंबईत, गिरगावातल्या एका प्रोसेस स्टुडिओत उमेदवारीला लागलो. खोलीभर पसरलेला मोठा कॅमेरा, अंधाऱ्या खोलीत लाल दिवा, आणि डेव्हलपरचा कपड्यांना चिकटून घरापर्यंत येणारा वास. रंगीत चित्राचे तिथे चार भाग होत. तांबड्या फिल्टरमधून घेतलेली फिल्म निळ्या शाईची, हिरव्यातून घेतलेली मॅजेंटाची, निळ्यातून घेतलेली पिवळ्याची, आणि चौथी काळ्याची. प्रत्येक फिल्मवर ठिपक्यांची जाळी असलेली स्क्रीन ठेवून व्हॅक्यूमने घट्ट बसवायची आणि मग उजेड द्यायचा. चित्राच्या उजळ भागातून जास्त प्रकाश आला की ठिपका एका मापाचा, कमी आला की दुसऱ्या मापाचा. छटेचं रूपांतर आकारात होई.

तिथल्या फोरमनना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांचं खरं कसब दिसायचं ते डॉट एचिंगमध्ये. कोल्हापुरी साजाचा एखादा फोटो असावा आणि सोनं तांबूस आलेलं असावं. मास्तर मॅजेंटाची पॉझिटिव्ह फिल्म उजेडाच्या टेबलावर ठेवत. दागिन्याभोवतीचा भाग वार्निशने झाकत, आणि फेरिसायनाइड-हायपोच्या पातळ द्रावणात बुडवलेला ब्रश उरलेल्या जागेवरून फिरवत. द्रावण ठिपक्याची कड खात जाई. ठिपका जागच्या जागी राही, फक्त आकाराने कमी होई. मास्तर दर थोड्या वेळाने पाण्याखाली धरून भिंगातून पाहत आणि ठिपका किती टक्के जागा व्यापतो याचा अंदाज सांगत. “आता चाळीसचा पस्तीस झाला, बस.” मोजणी करायला डेन्सिटोमीटर होता. पण मास्तरांचा अंदाज आणि यंत्राचा काटा यांत फारसं अंतर पडलेलं मला आठवत नाही.

जेवणाच्या सुट्टीत मास्तर या धंद्याचा इतिहास सांगत, आणि तो आपल्या घराण्याचा असल्यासारखा सांगत. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. घरोघरच्या भिंतींवर लागलेल्या त्या लक्ष्मी-सरस्वती दगडावरून छापलेल्या. एकेका रंगाला वेगळा दगड, आणि गालाची गोलाई किंवा लुगड्याची घडी दाखवायला कारागीर त्या दगडावर हाताने ठिपके मारत. कॅमेरा पुढे करू लागला ते काम आधी माणसाचा हात करत होता. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच धंद्यात होते, हेही मला मास्तरांकडूनच कळलं. बडोद्याच्या कलाभवनात शिकताना ते रतलामला जाऊन हाफटोन ब्लॉक करायला शिकले. रविवर्मा प्रेससाठी त्यांनी फोटोलिथोचं काम केलं, आणि १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनी गाठली. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३चा. त्याआधीची त्यांची कितीतरी वर्षं शाई आणि ठिपका यांच्यात गेली होती. तिकडे कलकत्त्यात उपेंद्रकिशोर रायचौधुरी, म्हणजे सत्यजित राय यांचे आजोबा, हाफटोनच्या गणितावर लेख लिहीत आणि ते इंग्लंडच्या ‘पेनरोझ’ वार्षिकात छापून येत. इंग्लंडात टॅल्बटने १८५२ साली जाळीदार कापडातून चित्र घेण्याची कल्पना मांडली. म्युनिकच्या माइसेनबाखने १८८२ साली हाफटोनचं पेटंट घेतलं. पुढे अमेरिकेत लेव्ही बंधूंनी काचेवर आडव्या-उभ्या रेघा कोरून अचूक स्क्रीन बनवली. हे सगळं ऐकल्यावर माझ्या मनात एक गोष्ट ठसली. आपण करतो ते हलकंसलकं कारागिरीचं काम नव्हे. त्यामागे मोठमोठ्या डोक्यांनी विचार केलेला आहे, आणि त्या रांगेत आपली माणसंही उभी आहेत.

रत्नागिरीला परतलो तेव्हा इथे रंगीत काम फारसं होत नव्हतं. पॉझिटिव्ह कोल्हापूरहून करून आणायच्या. एस.टी.च्या पार्सलने त्या आंबा घाट उतरून येत. पावसाळ्यात घाटात दरड आली की लग्नपत्रिकेचं काम दोन दिवस खोळंबे. आमच्याकडे भर होता एकरंगी कामावर: बिलबुकं, स्मरणिका, आणि स्थानिक वर्तमानपत्रांसाठी फोटोंची निगेटिव्ह.

ठिपका आणि कागद यांचं नातं मला खऱ्या अर्थाने कळलं ते निधनाच्या बातम्यांतल्या फोटोंमुळे. घरातलं माणूस गेलेलं असतं. मुलगा नाहीतर पुतण्या ओलसर झालेल्या अल्बममधून एक फोटो काढून आणतो आणि म्हणतो, “चेहरा ओळखू यायला हवा हो.” वर्तमानपत्राचा कागद शाई शोषतो. निगेटिव्हवर पन्नास टक्क्यांचा असलेला ठिपका त्या कागदावर पसरून पंचाहत्तरच्या आसपास दिसतो. याला डॉट गेन म्हणतात. आर्ट पेपरवर तोच ठिपका पासष्ट-सत्तरपर्यंत जातो. म्हणजे एकच निगेटिव्ह दोन कागदांवर दोन वेगळे चेहरे देते. आणि सगळ्यात जास्त मार बसतो तो सावळ्या चेहऱ्याला. उन्हात राबलेल्या कोकणी माणसाच्या चेहऱ्याच्या छटा नेमक्या मधल्या टप्प्यात असतात, आणि ठिपका सर्वांत जास्त पसरतो तोही त्याच टप्प्यात. डोळे, नाकाची बाजू, गालाचं हाड सगळं मिळून एक काळा डाग होतो.

त्याला उपाय म्हणजे आधीच हिशोब करून ठिपका लहान ठेवणं. मधल्या छटा उघडायच्या, पण गडद टोक आणि उजळ टोक जागेवर ठेवायचं. चेहरा गोरा करायचा नाही. माणूस होता तसा दिसला पाहिजे. स्क्रीनसुद्धा जाडी घ्यायची. एका इंचात १५० ओळी आर्ट पेपरला शोभतात, वर्तमानपत्राच्या कागदाला ८५ ते १०० पुरतात. बारीक स्क्रीन घेतली की चित्र बारीक येईल असं ऐकायला बरं वाटतं. पण शोषणाऱ्या कागदावर बारीक ठिपके एकमेकांत मिसळतात आणि चित्र गढूळ होतं. नवख्या माणसाला हे पटवून देणं अवघड जातं. तेव्हा मी एकाच फोटोचे दोन तुकडे त्याच कागदावर छापून दाखवतो, ८५चा आणि १५०चा. मग वाद उरत नाही.

चौरंगी छपाई रत्नागिरीत रुळली ती आंब्याच्या पेटीमुळे. पूर्वी लाकडी पेटी असे, वर पेंढा, आणि बाजूला रंगाने नाव टाकलेलं. पुढे पुठ्ठ्याची पेटी आली, आणि तिच्या झाकणावर आंब्याचा फोटो हवा झाला. फेब्रुवारी लागला की बागायतदारांची रांग लागते आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, की आंबा खरा दिसला पाहिजे.

हापूस छापायला कठीण आहे. पिकलेल्या हापूसचा रंग जवळजवळ पूर्णपणे पिवळा आणि मॅजेंटा या दोन शायांतून येतो. बाजूंना पिवळा सत्तर-ऐंशी टक्के, मॅजेंटा पंचवीस-तीसच्या आसपास, देठाशी थोडा निळा, काळा जवळपास शून्य. इथेच स्क्रीनच्या कोनाचा प्रश्न उभा राहतो. चार रंगांच्या चार जाळ्या एकमेकींवर पडतात. त्या एकाच दिशेने बसवल्या तर सूत जरी हललं तरी रंगाचे मोठे पट्टे उठतात, आम्ही म्हणतो ‘पॅटर्न पडला’. म्हणून प्रत्येक रंगाची जाळी वेगळ्या कोनात फिरवतात. काळा ४५ अंशांत, कारण तिरक्या ओळी डोळ्याला सर्वांत कमी जाणवतात आणि काळा तर सर्वांत उठून दिसणारा रंग. निळा १५, मॅजेंटा ७५. या तिघांत तीस-तीस अंशांचं अंतर राहतं आणि भिंगाखाली ठिपक्यांची नीट गोल फुलं दिसतात. पिवळ्याला मात्र जागा उरत नाही. तो शून्य अंशावर, म्हणजे शेजारच्या रंगापासून पंधराच अंशांवर बसवावा लागतो. पिवळा फिकट असल्यामुळे बहुतेक चित्रांत ते खपून जातं.

हापूसमध्ये खपत नाही. तिथे पिवळा आणि मॅजेंटा हेच दोघे सगळं चित्र उभं करतात आणि नेमके तेच पंधरा अंशांवर. एका बागायतदारांच्या पेटीवर आंब्याच्या पोटावर तांबूस-हिरवट चट्टे दिसू लागले. फळाला रोग पडावा तसे. मशिनमनने शाई बदलून पाहिली, दाब कमी करून पाहिला, चट्टे जाईनात. भिंग लावलं तेव्हा कारण दिसलं. चट्टा म्हणून वेगळं काही नव्हतंच. पिवळ्याच्या आणि मॅजेंटाच्या ओळी ठरावीक अंतराने एकमेकींवर येत आणि पुन्हा बाजूला सरकत. जिथे ठिपक्यावर ठिपका पडला तिथे एक रंग दिसे, जिथे शेजारी पडला तिथे दुसरा. आम्ही मॅजेंटा आणि काळा यांच्या कोनांची अदलाबदल केली. मॅजेंटा ४५वर, काळा ७५वर. पिवळा-मॅजेंटा अंतर पंचेचाळीस झालं. काळा त्या चित्रात नसल्यातच जमा, त्यामुळे तिकडे काही बिघडलं नाही. नव्या प्लेटांवर आंबा स्वच्छ आला. माणसांच्या चेहऱ्यांना मुंबईतले जाणकार हीच अदलाबदल करत, कारण त्वचेचा रंगसुद्धा याच दोन शायांचा असतो. तेव्हापासून आमच्याकडे आंब्याचं काम आलं की कोन आधी ठरतात, मग बाकीचं.

दुसरी अडचण रंगाची. पावसचे एक बागायतदार प्रूफ हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “दादा, ही पायरी झाली. हापूस असा लाल मारत नाही.” त्यांचं बरोबर होतं. पायरीला देठाजवळ लाली असते, हापूसचं रूप केशरीकडे झुकतं. मॅजेंटाचा ठिपका पुठ्ठ्यावर पाच टक्के जास्त फुलला की हापूसची पायरी होते. घरी वाटणी करताना एका नजरेत फळ ओळखणारी आपली माणसं हा फरक लगेच पकडतात. तेव्हापासून मॅजेंटाची मधली छटा आम्ही त्या पुठ्ठ्यासाठी वेगळी उतरवून घेतो. आंब्याच्या कामात डेन्सिटोमीटरइतकाच बागायतदाराचा डोळा मी महत्त्वाचा मानतो.

फोटो थेट पन्हाळीदार पुठ्ठ्यावर छापायचा म्हटलं की मी स्पष्ट नाही म्हणतो. तिथे रबरासारख्या मऊ प्लेटने फ्लेक्सो छपाई होते. प्लेट दबते, बारीक ठिपका एकदम जाडा उमटतो, आणि उजळ छटा हळूहळू विरण्याऐवजी मध्येच कड येऊन तुटते. शिवाय पन्हाळीच्या रेघा चित्रातून दिसतात. त्या पेटीवर दोन रंगांत स्वच्छ रेखाटलेला आंबा फोटोपेक्षा शंभरपट चांगला दिसतो. फोटोच हवा असेल तर ऑफसेटवर लेबल छापून पेटीवर चिकटवावं. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून पेटीवर त्याचं चिन्ह आणि क्यूआर कोडही येऊ लागले. कोड नेहमी एकट्या काळ्या शाईत, पूर्ण शंभर टक्क्यांनी छापावा. चार रंग मिसळून केलेल्या काळ्यात कडांना ठिपके येतात, रजिस्टर, म्हणजे रंगावर रंगाची जुळणी, थोडं हललं की कड दुहेरी होते आणि फोन तो वाचत नाही.

आता पावसाबद्दल. घाटावरच्या छापखान्यांना जून ते सप्टेंबरमधले आमचे हाल सांगून कळत नाहीत. हवेतला ओलावा कागद पितो आणि ताणला जातो, आणि तोही सगळीकडून सारखा नाही. तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो, उभ्या दिशेने कमी. सकाळी निळा छापला, दुपारी त्याच कागदावर मॅजेंटा चढवायला घेतला, तर एका बाजूला रजिस्टर जुळतं आणि दुसऱ्या टोकाला सुटतं. ठिपक्यांची फुलं विस्कटतात. शाई सुकायला वेळ घेते आणि थप्पीत खालच्या कागदाचा रंग वरच्याच्या पाठीला लागतो. म्हणून कागद मशिनखोलीत आधी दोन दिवस उघडा न करता ठेवायचा, म्हणजे तो खोलीच्या तापमानाला सरावतो. लागेल तेवढाच उघडायचा. थप्प्या लहान ठेवायच्या. ठिपक्यांच्या बाजूनेही एक उपाय आहे. गडद भागात निळा, मॅजेंटा, पिवळा तिन्ही भरून वर काळा चढवण्याऐवजी, त्या तिघांतला राखाडी हिस्सा काढून तो काळ्याच्या ठिपक्यांकडे सोपवायचा. चारही रंग मिळून शाई वर्तमानपत्री कागदावर २४० टक्क्यांच्या आत ठेवायची. शाई कमी, सुकणं लवकर, आणि रजिस्टर किंचित हललं तरी चित्राचा रंग पालटत नाही. गणपतीचं काम याच दिवसांत असतं. आरतीच्या पुस्तकाचं रंगीत मुखपृष्ठ आम्ही असंच करतो.

मग संगणक आला, आणि जाळीची काच, फिल्म, ब्रश सगळं आकड्यांत गेलं. ठिपका आता बारीक चौकोनांतून बांधला जातो. प्लेट काढणारं यंत्र एका इंचात २४०० चौकोन टाकतं. १५० ओळींची स्क्रीन हवी असेल तर एका ठिपक्याच्या वाट्याला १६ गुणिले १६, म्हणजे २५६ चौकोन येतात. त्यातले किती काळे करायचे यावरून कोऱ्या कागदासकट २५७ छटा मिळतात. डोळ्याला तेवढ्या पुरतात. आता हाच हिशोब टेबलावरच्या ६०० डीपीआयच्या लेझर प्रिंटरवर करा. १५० ओळी मागितल्या तर ठिपक्याला ४ गुणिले ४ चौकोन मिळतात, म्हणजे फक्त १७ छटा. फोटोतल्या आभाळात आणि गालावर पायऱ्या पडतात. ओळी ७५ केल्या तर ८ गुणिले ८ चौकोन आणि ६५ छटा मिळतात. ठिपका थोडा दिसतो, पण चेहरा चेहऱ्यासारखा येतो. गिऱ्हाईक विचारतं, “प्रिंटर किती डीपीआयचा?” मी त्याला सांगतो, तो आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. बारकावा हवा की छटा, यांची वाटणी आपण करायची असते.

या कोड्यातून सुटण्याची दुसरी वाट शोधली गेली ती सत्तरच्या दशकात. संशोधक बायर यांनी १९७३ साली चौकोन विखुरलेल्या क्रमाने भरण्याचा एक तक्ता दिला. १९७६ साली फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांनी वेगळीच युक्ती मांडली. एखाद्या जागी साठ टक्के राखाडी हवा आहे, पण प्रिंटर शंभर किंवा शून्यच देऊ शकतो. शंभर दिले तर चाळीस जास्त गेले. वाण्याकडे सुटे नसले की राहिलेले पैसे पुढच्या हिशोबात धरतात, तसे हे चाळीस शेजारच्या जागांच्या हिशोबात टाकायचे. सोळा भागांपैकी सात उजवीकडे, पाच खाली, तीन खाली डावीकडे, एक खाली उजवीकडे. असं करत ओळीमागून ओळ गेलं की एकूण छटा बरोबर जमते आणि जाळी अशी दिसतच नाही. ठिपके सगळे एकाच मापाचे, फक्त कमी-जास्त दाटीने पडलेले. पुढे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस उलिच्नी यांनी दाखवून दिलं की ठिपके कसेही विखुरले तर चित्र खरखरीत होतं. ते एकमेकांपासून शक्य तितकं सारखं अंतर राखून, पण कोणतीही रांग न धरता पडले, तर डोळा ती खरखर टिपत नाही. ऑफसेटमध्ये याच तत्त्वाला एफएम स्क्रीनिंग म्हणतात. त्यात कोनच नसतात, म्हणून पॅटर्नही पडत नाही.

इंकजेटवर पहिल्यांदा या रीतीने हापूस छापला तो दिवस माझ्या लक्षात आहे. सालीवरचे ते बारीक पांढुरके ठिपके, ज्यांवरून जाणता माणूस फळाची जात आणि पक्वता पाहतो, ते १५० ओळींच्या जाळीत हरवत असत. इथे ते जसेच्या तसे आले. प्रिंटरमध्ये नेहमीच्या चार शायांबरोबर फिकट निळी आणि फिकट मॅजेंटा होती, त्यामुळे उजळ भागात गडद ठिपके वेगळे उठून दिसत नव्हते. थेंबही लहान-मोठे टाकता येत होते.

पण त्यावरून हीच रीत सगळीकडे चालवावी असं मी म्हणणार नाही. लेझर प्रिंटरमध्ये सुटा बारीक ठिपका भरवशाचा नसतो. टोनरची पूड कधी त्या जागी चिकटते, कधी नाही, आणि चित्र एकसारखं राहत नाही. तिथे चौकोन एकत्र गोळा करून वाढत जाणारा जुना ठिपकाच बरा. इंकजेटचा थेंब नेमका पडतो, म्हणून तिथे विखुरलेला ठिपका शोभतो. आर्ट पेपरवर एफएम सुरेख दिसतं. लेबलाच्या खरबरीत पुठ्ठ्यावर तेच रेताड दिसतं आणि प्रत्येक बारीक ठिपक्याची कड फुलल्यामुळे चित्र काळवंडतं. चौकातला फ्लेक्स वीस फुटांवरून पाहायचा असतो, तिथे ठिपका मोठा असला तरी कुणाचं काही अडत नाही. तिथे बारकाव्यासाठी वेळ आणि शाई घालवणं फुकट आहे. प्रत्येक रीत कुठल्या तरी कागदासाठी, कुठल्या तरी शाईसाठी आणि कुठल्या तरी अंतरासाठी जन्माला आलेली असते.

हल्लीच्या सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं एका खिडकीत असतं आणि आपोआप होतं. नवी मुलं कामाला येतात, हुशार असतात, बटणं माझ्यापेक्षा लवकर शिकतात. त्यांना मी पहिल्या दिवशी एक भिंग हातात देतो आणि कालचं वर्तमानपत्र, लग्नपत्रिका, औषधाचं खोकं, दिनदर्शिका समोर ठेवतो. प्रत्येकावरचा ठिपका पाहा, कोन ओळखा, कुठे फुललाय ते सांगा. आपोआप होणारा हिशोब एका ठरावीक कागदासाठी केलेला असतो. तुमच्या हातातला कागद तो नसेल तर हिशोब चुकतो, आणि ते यंत्राला कळत नाही. ते कळायला पाहणारा डोळा लागतो. असा डोळा रत्नागिरीसारख्या गावातही तयार होऊ शकतो. त्याला मुंबई-शिवकाशीला जावं लागत नाही. रोज भिंग लावून पाहण्याची सवय लागते.

छपाईला येणाऱ्यांना काही गोष्टी मनापासून सांगतो. जुन्या पत्रिकेतून किंवा वर्तमानपत्रातून कापलेला फोटो आणू नका. त्यावर आधीच ठिपके आहेत, त्यांच्यावर आमचे ठिपके बसले की पॅटर्न पडणारच. तो घालवायला चित्र थोडं धूसर करावं लागतं आणि त्यात तुमच्या आजोबांचे डोळे जातात. घरातला मूळ फोटो शोधा, फाटका असला तरी चालेल. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर त्यातला तपशील वाटेतच गळतो. काम कोणत्या कागदावर होणार ते आधी ठरवा, रंग त्यानंतर ठरवू. आणि मोबाइलच्या उजळ पडद्यावर पाहून रंगाला होकार देऊ नका. पडदा प्रकाश देतो, कागद प्रकाश परत फेकतो, दोघांचा रंग एक नसतो. ज्या कागदावर काम छापायचं त्याच कागदावर काढलेलं प्रूफ दिवसाच्या उजेडात पाहा, आणि त्यावर सही केल्याशिवाय छपाई सुरू करू देऊ नका.